डब्यावरचं ‘सप्रेम भेट’

वैशाली, तू गेलीस आणि मला भांडी घासायला ठेवलंस.

हे वाचून तू ओट्याला टेकून हसली असतीस. म्हणाली असतीस, अक्का, निदान गेलेल्या माणसाशी तरी तक्रारीनं सुरुवात करू नका. पण मी तुझी थोरली जाऊ. तू लग्न होऊन चिखलीत आलीस त्या दिवसापासून मी तुझ्याशी कुरकुर करतच बोलत आले. आता तू नाहीस म्हणून गोड आवाज कुठून आणू?

काल तुझं तेरावं झालं. मांडव उतरवला, पाहुणे गेले, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली. उद्यापासून आपली खाणावळ सुरू करायची आहे. कुदळवाडीतल्या कारखान्यांच्या शेडमधली, तळवड्यातली, चाकणच्या रस्त्यावरची आपली माणसं इतके दिवस गाडीवरचं खातायत आणि सारखा फोन करतायत. स्वयंपाकाचं मला काही वाटत नाही. आमटी माझा हात आपोआप करतो. प्रश्न एकच होता. उद्या ती आमटी पाठवायची कशातून? तुझ्या स्टीलच्या डब्यांतून, का सुनील भावजी म्हणत होते तशी प्लॅस्टिकच्या कंटेनरमधून? आज संध्याकाळपर्यंत मला सांगायचं होतं. आणि मी दमलेय गं. अंगानं तर दमलेच आहे, पण कुणी काही विचारलं की उत्तर द्यायलाही दमलेय.

तुझ्या नवऱ्यावर रागावू नकोस. त्यांना ते डबे बघवत नाहीत. तू गेल्यापासून ते मागच्या पडवीत जातच नाहीत, कारण तिथं तुझी बसायची चौकी तशीच आहे, नळाला तुझा घासणीचा जाळीदार चेंडू अडकवलेला आहे. ते म्हणाले, वहिनी, धुणारी गेली, आता कोण धुणार? बाई लावली तर आपल्याकडे टिकत नाही. तुमचे गुडघे हे असे. एक वेळ खाल्लं, टाकलं, विषय संपला. मी काय म्हणणार? मीच तर तुला इतकी वर्षं हेच सांगत होते. माझंच बोलणं भावजींच्या तोंडून ऐकलं आणि मला ते आवडलं नाही, का आवडलं नाही ते मात्र कळेना.

परवा सलीमभाई भेटायला आले. आपल्याला पिशव्या आणि डिस्पोजेबल पुरवणारे तेच. भावजींनी सांगितलं होतं म्हणून कंटेनरच्या नमुन्यांचं एक खोकं आणलं होतं, पण ते त्यांनी दाराबाहेरच ठेवलं, आत आणलं नाही. बराच वेळ बसले. मग म्हणाले, वैशालीताई दुकानात यायच्या आणि प्रत्येक कंटेनरचं बूड उलटं करून बघायच्या, आणि घ्यायच्या काहीच नाहीत. त्या असत्या तर हे खोकं माझ्याच डोक्यावर ठेवून मला परत पाठवलं असतं. हसायला गेले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. जाताना मात्र म्हणाले, पण भाभी, माझं दुकान तर हेच आहे. दोन्ही खरं होतं. खोकं आज सकाळपर्यंत दाराशीच होतं.

आठवतं तुला, हे सगळं कुठून सुरू झालं? तेव्हा आपण पिशव्यांतूनच जेवण पाठवायचो. गरम आमटी पातळ पिशवीत, भाजी दुसऱ्या पिशवीत, चिमूटभर चटणी तिसऱ्या पिशवीत, आणि ते सगळं एका मोठ्या पिशवीत. रबर लावत बसलं तर वेळ जातो, म्हणून मी गाठ मारायची. माझी गाठ वेगळी होती. पिशवीचं तोंड दोनदा पिळायचं, घडी करून आतल्या आत खोचायचं आणि टोक बाहेर ठेवायचं. टोक ओढलं की एका हातानं सुटायची. मशीनवर काम करणाऱ्या माणसाचा दुसरा हात तेलकट असतो, हे मला माहीत होतं. मला त्या गाठीचा अभिमान होता. आजही आहे.

तू माहेरच्या कुणाबरोबर आळंदीला गेली होतीस. परत आलीस ती तोंड पाडून. हातरुमालात गुंडाळलेली एक ओली, मळकी, पातळ पिशवी काढलीस आणि सरळ माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलीस. मी ओरडले, स्वयंपाकघरात ही घाण कशाला आणलीस. तू आवाज न चढवता म्हणालीस,

“अक्का, घाटावर पाण्यात होती. गाठ बघा. ही तुमची गाठ आहे.”

बघितली. पिशवी बाजूनं दातांनी फाडलेली होती आणि गाठ जशीच्या तशी. माझीच होती. तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला, की मेल्यांनी टोक ओढलं नाही, फाडूनच खाल्लं. एवढी सोय करून दिली तर त्याची किंमतच नाही. तू मात्र त्या गाठीकडे बघत उभी राहिलीस. त्या दिवशी घरात प्लॅस्टिकचा विषय निघाला तो निघालाच, मग सणवार असो की पाहुणेरावळे.

तुझं ते वेड एकदम आलेलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. लग्नाआधी तू चाकणला फरसाणाच्या कारखान्यात पॅकिंगला होतीस. दिवसभर उभं राहून पाकिटं सील करायची. तू म्हणायचीस, फरसाण चार घासांत संपतं आणि पाकीट कुणाच्या बापाला संपत नाही, आणि मी संपणाऱ्या वस्तूपेक्षा न संपणाऱ्या वस्तूवरच जास्त राबले. मला तेव्हा वाटायचं, पोरगी नोकरीला कंटाळली होती आणि आता तो कंटाळा आमच्या खाणावळीवर काढतेय.

पहिला प्रयोग द्रोणांचा. पळसाच्या द्रोणात सुकी भाजी छान बसली, आमटी काही बसेना. टेम्पो चाकणला पोचेपर्यंत निम्मी आमटी नामदेवच्या पायाशी. आपला टेम्पोवाला नामदेव, ज्यानं कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तो दोन दिवस तुझ्याशी बोलला नाही. मग तू कागदी वाट्या आणल्यास. मी म्हटलं, झालं, सुटलो. तू एक वाटी पाण्यात भिजत घातलीस, नखानं सोललीस आणि आतला चकचकीत पातळ पापुद्रा माझ्या नाकासमोर धरलास. म्हणालीस, अक्का, हा कागद नाही, प्लॅस्टिकला कागदाचा झगा घातलाय. मग त्या मातीत विरघळणाऱ्या पिशव्या. विकायला आलेला माणूस टाय घालून आला होता. तू एक पिशवी कुंडीत पुरलीस आणि पावसाळा गेल्यावर उकरून काढलीस. ठणठणीत होती. त्याला फोन केलास तर म्हणाला, तिला विरघळायला वेगळा प्लांट लागतो, ठरावीक उष्णता लागते. तो प्लांट चिखलीत कुठून आणणार? मी ती पिशवी धुऊन तिच्यात कढीपत्ता ठेवला. तू आठवडाभर फ्रीज उघडला की माझ्याकडे रागानं बघायचीस.

शेवटी तू म्हणालीस, टाकायची वस्तूच नको. जाईल आणि परत येईल अशी वस्तू पाहिजे. तीन पुडांचा स्टीलचा डबा. टेम्पोनं सकाळी भरलेला न्यायचा आणि कालचा रिकामा आणायचा. मी म्हटलं, माणसं चाकण सोडून गावाला पळतात, खोल्या बदलतात, कंपन्या बदलतात, डबे परत येतील हे विसर. तू ऐकत नाहीस म्हटल्यावर मी एकच अट घातली. डब्यांवर नाव घालून घे. आपल्याकडे भांडं म्हटलं की त्यावर नाव पाहिजे, नाहीतर ते आपलं आहे हे कुणाला समजणार?

तर तू भांडीवाल्याकडे गेलीस. त्याच्याकडे मशीननं नाव घालणारे एक म्हातारे गृहस्थ बसायचे. त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलंस, सासूबाईंच्या नावानं चालणारी आपली ‘रुक्मिणी खाणावळ, चिखली’. डबे पोती भरून आले ते नेमके दिवाळीच्या तोंडावर. एवढी घाई होती की कुणी वाचलंच नाही. पुसले, भरले, पाठवले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो रिकामा आला. तिसऱ्या दिवशीही. उलट फोन यायला लागले, की वहिनी, डबा फार छान आहे, घरच्यांना आवडला. तू माझ्याकडे बघून मान उडवायचीस, बघा, लोकांना पटतंय. एक जण तर डबा घेऊन वाशीमला गेला, आईला द्यायला म्हणून. तेव्हा कुठं तुझ्या मनात पाल चुकचुकली. घरात एक डबा राहिला होता, तो तू खिडकीशी नेऊन फिरवून बघितलास. खाणावळीच्या नावाखाली, बारीक आणि सुबक अक्षरांत, ‘सप्रेम भेट’.

तू तशीच चप्पल घालून भांडीवाल्याकडे गेलीस. म्हाताऱ्यांनी मान वर न करता सांगितलं, “नावाखाली ते असतंच की ताई. तुम्ही लिहायला विसरलात, मी घातलं.” त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या हातून लग्नाची भांडी गेली होती, बारशाची, वास्तुशांतीची, कुणाच्या स्मरणार्थ वाटायची. नाव घालून द्यायचं ते देऊनच टाकायचं. परत मागायच्या भांड्यावर नाव घालून नेणारी बाई त्यांना जन्मात भेटली नव्हती.

घरी येऊन तू मला हे सांगितलंस आणि फरशीवर बसून हसत सुटलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मी नाही हसले. मी म्हटलं, नामदेवला टेम्पो काढायला सांग, दारोदार जाऊन सगळे डबे गोळा करा. तू डोळे पुसत म्हणालीस, “अक्का, सप्रेम भेट दिलेलं परत कसं मागायचं?”

आपलं खरं भांडण इथून सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, डबे बुडाले. तू म्हणायचीस, बुडाले कसे, कुणाच्या तरी फळीवर आहेत. कुणी डाळ ठेवली असेल, कुणाची पोरं शाळेत नेत असतील. पिशवी कधी कुणी फळीवर मांडून ठेवली का? मी म्हणायची, आपण खाणावळ चालवतो, रुखवत मांडत नाही. तू म्हणायचीस, अक्का, वस्तू कुणाच्या घरात राहिली तर ती वाया गेली असं होत नाही, ती रस्त्यावर राहिली तर वाया गेली. मला हे पटायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरात आपला डबा दिसला की माझ्या पोटात दुखायचं. आपल्या मागच्या भाड्याच्या खोल्यांतल्या बाया तो डबा घेऊन किराणा आणायला निघाल्या की मी मुद्दाम गॅलरीत उभी राहून बघायची, आणि त्या हसून मला हात करायच्या. त्यांना वाटायचं मी मायेनं बघतेय.

दुसरी खेप तू आणलीस तेव्हा तिच्यावर एक अक्षर घालू दिलं नाहीस. झाकणावर फक्त लाल ठिपका. तो डबा जायचा आणि परत यायचा. सगळेच नाही, पण बहुतेक. तू स्वतः टेम्पोत बसून प्रत्येक शेडवर गेलीस आणि माणसांना सांगितलंस की ज्यानं खाल्लं त्यानं तिथल्या तिथं विसळायचं. सुरुवातीला एक-दोघांनी तोंड वाकडं केलं, दुसऱ्याचा उष्टा डबा आपल्याला नको म्हणाले. तू त्यांना विचारलंस, हॉटेलातल्या ताटाला काय तुमचंच नाव असतं का? मग तेही डबा घ्यायला लागले.

तरी घरी येऊन सगळं परत घासायचंच होतं. गरम पाणी, साबण, परत पाणी, उन्हात पालथे. तुझ्या बोटांना चिरा पडायच्या, तू खोबरेल चोळत बसायचीस. आपल्याकडे एक दिवसाआड पाणी. मी म्हणायची, प्लॅस्टिक वाचवायचं म्हणून तू पाणी ओततेस, याला शहाणपण म्हणायचं का? मग तू भांड्यांचं पाणी केळीला सोडायला लागलीस, दुसऱ्या पाण्याची बादली ठेवायला लागलीस, पण तुलाही माहीत होतं की माझं अगदीच चूक नाही. एकदा तू दमून म्हणालीस, अक्का, बरोबर असं काहीच सापडत नाही, कमी चूक काय तेवढं बघायचं. मी म्हटलं, ते बघायला तुझं वय आहे, माझं नाही. आता बघ कसं झालं.

साधा ताप म्हणून तू गोळी घेऊन कामाला लागलीस. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. मी डबा घेऊन आले तेव्हा तुला बोलायला धाप लागत होती आणि तू विचारलंस काय, तर चाकणचे डबे आले का. मी म्हटलं, गप पड, डब्यांचं मी बघते. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. मला ते साधं बोलणं वाटलं गं. आजाऱ्याला गप्प करायला माणूस काहीही बोलतो. ते आपलं शेवटचं बोलणं आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर मी दुसरं काहीतरी बोलले असते. काय बोलले असते ते आजही सुचत नाही.

तुला पोचवून आलो. घरात चूल पेटवायची नव्हती. कडू घास बाहेरूनच यायचा असतो, भावकीतून पिठलं-भाकरी येणार होती आणि ती आलीही. पण तिच्या आधी दिवेलागणीला गेटातून एकेक बाई यायला लागली. मागच्या खोल्यांतल्या, पलीकडच्या चाळीतल्या, काही तर मी कधी बघितलेल्याही नव्हत्या. प्रत्येकीच्या पदराखाली डबा. मी भिंतीला टेकून बसले होते, डोळे सुजलेले, मला आधी काही उमजेना. एकीनं माझ्यापुढं डबा ठेवून उघडला. वर पिठलं, मधे भाकरी चतकोर करून, खाली ठेचा. आणि डब्याच्या अंगावर वाफेनं ओली झालेली अक्षरं. रुक्मिणी खाणावळ, चिखली. सप्रेम भेट.

इतकी वर्षं मी ज्यांच्या नावानं बोटं मोडली ते डबे भिंतीशी ओळीनं येऊन बसले. कुणाला पोचे आलेले, कुणाची कडी बदललेली, एकाच्या बुडाशी खिळ्यानं ‘पूजा’ असं कोरलेलं. सगळे भरलेले. मला तुला हाक मारायची होती. अगं ये, बघ, आले तुझे डबे. नुसतं मनात नाही, खरंच माझ्या तोंडून ‘वैशे’ अशी हाक गेली, आणि भावजींनी दाराकडे वळून बघितलं. तेवढ्यापुरतं त्यांनाही वाटलं असणार. मी त्या पिठल्याचा घास घेतला आणि मग मला रडू आवरेना. आणि हेही सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं, एवढ्या रडण्यात माझ्या मनात आलं की हे सगळं आता घासणार कोण.

दहाव्याला आळंदीला गेलो. विधीचं सामान घेतलं तर हळद एका पुडीत, कुंकू दुसऱ्या पुडीत, तीळ तिसऱ्या पुडीत, सगळं इवल्या इवल्या प्लॅस्टिकमध्ये. गुरुजी पुड्या दातांनी फोडत होते आणि बाजूला टाकत होते. मी त्या उचलून पदराच्या टोकाला बांधत गेले. तुझ्या लेकीनं, निकितानं बघितलं आणि तीही उचलायला लागली. पाण्याकडे मी बघितलं नाही.

पिंडाला कावळा शिवेना. सगळे उन्हात उभे. कुणीतरी म्हणालं, काहीतरी इच्छा राहिली असेल, शब्द द्या. निकिताचं सगळं नीट करू असं भावजी म्हणाले, मी सांभाळून राहीन असं निकिता म्हणाली, तरी कावळा लांबच. मग एकेक करत सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे भावकीला, गावाला, सगळ्यांना माहीत होतं तुझं कशात अडकलं असेल ते. आमचे हे हळूच म्हणाले, “अगं, म्हण की, डबे चालू ठेवते म्हणून. म्हणायला काय जातंय?” त्या ‘म्हणायला काय जातंय’नं माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं नाही. तुझ्याशी आयुष्यभर भांडले, पण तुला खोटं कधी सांगितलं नाही, ते तू गेल्यावर सुरू करू का? बऱ्याच वेळानं कावळा आला आणि शिवला. त्याला भूक लागली असेल. बायका माझ्याकडे बघून काय बोलल्या ते मला ऐकू येत होतं.

आणि तेराव्याचंही सांगून टाकते. पंगतीला पाण्याच्या छोट्या छोट्या बाटल्या आल्या. घोट-घोट पाणी पिऊन माणसं बाटली तशीच सोडून उठत होती. निकितानं माझ्याकडे बघितलं. भावजींनी आचाऱ्याला सगळं सोपवून दिलं होतं, त्यांना आता बाटल्यांवरून बोलायचं म्हणजे मेलेल्याला मारायचं. तू असतीस तर हंडे भरून ठेवले असतेस आणि स्वतः तांब्या घेऊन पंगतीत फिरली असतीस. मी खुर्चीवर बसून राहिले. सगळंच काही आपल्याच्यानं होत नाही.

आज सकाळी मागच्या खोलीतली सुरेखा आली. परभणीची, जिचा नवरा कुदळवाडीत प्रेस मशीनवर आहे ती. आपल्याच डब्यातलं जेवतो तो. ती दारात चुळबूळ करत उभी राहिली. मला वाटलं, भेटायला आली असेल. तर म्हणाली, “मावशी, आमचा डबा ऱ्हायला होता वो तुमच्याकडं.”

आमचा म्हणे. माझ्या सासूच्या नावाचा डबा, आणि आमचा. जुनी सवय, माझं तोंड उघडलंच होतं. पण ती इतकी सहज म्हणाली होती. तिच्या लेखी तो तू दिलेला होता आणि आता तिचा होता. मी मागच्या पडवीत गेले. घासून ठेवलेले डबे पालथे होते. कोणता म्हणून ओरडून विचारलं तर म्हणाली, बुडाशी आमच्या पूजाचं नाव हाय. तो काढला. भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान माझ्या हातून तरी होत नाही. वरच्या पुडात कालची बुंदी घातली, मधल्यात मोड आलेली मटकी, खालच्यात तांदूळ. कडी लावली.

तिच्या हातात दिला तेव्हा तिची नजर दाराशी ठेवलेल्या खोक्यावर गेली. भावजी पायरीवर बसले होते, पेपर समोर धरून, वाचत नव्हते. सुरेखानं डबा पदराखाली घेतला आणि विचारलं, “उद्यापासून यांचा डबाच येनार ना वो? का आता कंटेनर?”

भावजींनी पेपर खाली घेतला.

“डबाच येईल,” मी म्हटलं.

“पण ताई तर न्हाईत आता. धुनार कोन?”

“मी.”

ती बरं म्हणून गेली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. भावजी उठले, ते खोकं खांद्यावर घेतलं आणि सलीमभाईंच्या दुकानाकडे चालायला लागले. गेटापाशी त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मी आत येऊन नळ सोडला आणि चौकीवर बसले.

तुझं सगळं पटलंय असं समजू नकोस. पाण्याचं माझं म्हणणं अजून तेच आहे, आणि किती दिवस निभेल मला माहीत नाही. पण एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं बोलले, वैशाली. ऐकायला सुरेखा होती, भावजी होते. तू नव्हतीस.